कोडशेअर विमानप्रवासात हरवलेले सामान : दाद कोणत्या कंपनीकडे मागायची?

वेळूवन (पुणे)

नमस्कार मंडळी,

माझे आईवडील नुकतेच माझ्या बहिणीकडे आयर्लंडला गेले. मुंबईहून निघायचे, युरोपातील एका मोठ्या विमानतळावर विमान बदलायचे आणि तेथून पुढे जायचे, असा प्रवास होता. तिकीट एकच होते, एकाच कंपनीच्या संकेतस्थळावरून काढलेले, आणि दोन्ही उड्डाणांना त्याच कंपनीचे क्रमांक होते. फक्त दुसऱ्या क्रमांकाखाली बारीक अक्षरांत ‘हे उड्डाण अमुक कंपनी चालवते’ असे छापलेले होते. एकीने विकलेल्या आणि दुसरीने चालवलेल्या अशा उड्डाणालाच कोडशेअर म्हणतात. मुंबईला दिलेल्या बॅगांपैकी एक बॅग उतरल्यावर पट्ट्यावर आलीच नाही. बहिणीने तिथल्या तिथे काउंटरवर जाऊन अहवाल नोंदवला, पण त्यानंतर जी टोलवाटोलवी सुरू झाली आहे तिला अंत दिसत नाही. जिचे विमान होते ती कंपनी म्हणते की तिकीट आमचे नाही, ज्यांनी पैसे घेतले त्यांच्याकडे जा. आणि जिने पैसे घेतले ती म्हणते की शेवटचे विमान आमचे नव्हते, तेव्हा सामानाची जबाबदारी आमच्याकडे येत नाही. दोघांचीही भाषा सौजन्याची आहे, पण बॅगेविषयी ठाम असे कोणीच काही सांगत नाही.

आईचे सगळे गरम कपडे त्या बॅगेत आहेत आणि तिकडे थंडी सुरू झाली आहे. औषधे सुदैवाने हातातल्या पिशवीत होती. बॅग शोधण्याचे काम नेमके कोणाचे आणि ती मिळालीच नाही तर भरपाई कोणाकडे मागायची, हे जाणकारांनी कृपया सांगावे. कोडशेअर तिकिटे आता इतकी सर्रास झाली आहेत की ही माहिती इतरांनाही लागेल.

धावपट्टी (मुंबई)

मी मुंबई विमानतळावर सामान विभागात काही वर्षे काम केले आहे, म्हणून शोधाविषयी सांगतो. भरपाईचे कायद्याचे जाणकार सांगतील. शोध आणि भरपाई ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांची गल्लत होते म्हणूनच प्रवासी दोन कंपन्यांच्या मध्ये अडकतो.

शोधाच्या बाबतीत विमानसेवांची आपसातील रीत स्पष्ट आहे. ज्या कंपनीच्या विमानातून प्रवासी शेवटी उतरला, तिने अहवाल नोंदवून घ्यायचा आणि बॅग हाती येईपर्यंत पाठपुरावा करायचा. तिकिटावर क्रमांक कोणाचा आहे याच्याशी या कामाचा संबंध नाही. तेव्हा ‘तिकीट आमचे नाही’ हे उत्तर शोधापुरते तरी चुकीचे आहे, आणि ते तसे त्यांना शांतपणे सांगा. बहिणीला मिळालेल्या अहवालावर, ज्याला सगळे पीआयआर म्हणतात, दहा अक्षर-अंकांचा एक संदर्भ असेल. त्यातील पहिली तीन अक्षरे विमानतळाची, पुढची दोन कंपनीची आणि उरलेले पाच अंक नोंदीचे असतात. मधली दोन अक्षरे पाहिली की फाइल कोणाच्या नावावर उघडली आहे ते कळते, आणि रोजचा फोन त्याच कंपनीला करायचा. हा संदर्भ वर्ल्डट्रेसर या प्रणालीतला असतो. सिटा (विमानसेवांना संगणकीय सेवा पुरवणारी) आणि आयाटा (विमानकंपन्यांची जागतिक संघटना) या दोन संस्थांची ही प्रणाली जगभरातील शेकडो कंपन्या वापरतात, त्यामुळे बॅग तिसऱ्याच देशात सापडली तरी ती या फाइलशी जुळवता येते.

बॅगेच्या पट्टीचा तुकडा, जो बोर्डिंग पासच्या मागे चिकटवून देतात, तो जपून ठेवा आणि त्याचा फोटो काढून सगळ्यांकडे पाठवून ठेवा. त्यावर दहा अंकी क्रमांक असतो. पहिला अंक सोडला की पुढचे तीन अंक पट्टी छापणाऱ्या कंपनीचे असतात, उदाहरणार्थ एअर इंडियाचे ०९८, लुफ्थान्साचे २२० आणि एमिरेट्सचे १७६, आणि शेवटचे सहा अंक त्या बॅगेचे. काउंटरवर बोलताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची, ती अशी की सामानाच्या नोंदी साधारणपणे विमान चालवणाऱ्या कंपनीच्या उड्डाण क्रमांकाने असतात. तुमच्या तिकिटावरचा विकणाऱ्या कंपनीचा क्रमांक सांगितलात तर समोरच्याला नोंद पटकन सापडत नाही आणि ‘असे उड्डाणच आमच्याकडे नाही’ असे ऐकायला मिळते. दोन्ही क्रमांक सांगा.

आता सर्वांत उपयोगी प्रश्न. आयाटाचा ७५३ क्रमांकाचा ठराव जून २०१८ पासून लागू आहे आणि त्याप्रमाणे सदस्य कंपन्यांनी बॅगेची नोंद चार ठिकाणी ठेवायची असते : प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, एका कंपनीकडून दुसरीकडे सोपवताना आणि अखेरीस प्रवाशाला परत देताना. म्हणून ‘बॅग कुठे आहे’ असे न विचारता ‘या पट्टी क्रमांकाचा शेवटचा स्कॅन कोणत्या विमानतळावर आणि कोणत्या वेळी झाला’ असे लेखी विचारा. पहिल्या प्रश्नाला ‘शोध चालू आहे’ एवढे उत्तर देऊन वेळ मारून नेता येते, दुसऱ्याला नेता येत नाही. माझा अंदाज असा की तुमची बॅग विमान बदलण्याच्या जागीच राहिली असणार. सिटाच्या अहवालानुसार २०२४ मध्ये दर हजार प्रवाशांमागे ६.३ बॅगांची हेळसांड झाली, म्हणजे त्या उशिरा पोहोचल्या, मोडल्या किंवा हरवल्या, आणि उशिरा पोहोचलेल्या बॅगांपैकी ४१ टक्के बॅगा विमान बदलताना मागे राहिल्या. वर्गीकरणाच्या पट्ट्यावर आलेल्या प्रत्येक बॅगेसाठी ‘ही अमुक विमानात जायची आहे’ असा संगणकीय संदेश यंत्रणेला आधी मिळालेला असावा लागतो. दोन कंपन्यांच्या प्रणाली वेगळ्या असतील, किंवा प्रवाशाचे उड्डाण ऐनवेळी बदलले असेल, तर तो संदेश वेळेवर पोहोचत नाही आणि बॅग बाजूला पडते.

शेवटची सूचना, आणि ही आजच करा. पट्टी फाटली असेल तर बॅग केवळ वर्णनावरून जुळवावी लागते. काही दिवसांनी अशी बेवारस बॅग उघडून आत काय आहे ते प्रणालीत लिहितात आणि ते तुमच्या फाइलमधील यादीशी ताडून पाहतात. बहुतेक प्रवासी यादीत ‘कपडे, चपला, खाद्यपदार्थ’ असे लिहितात, जे जगातल्या प्रत्येक बॅगेत असते. आईंना विचारून ज्या वस्तू दुसऱ्या कोणाच्या बॅगेत असण्याचा संभव नाही, त्या लिहा : रंग, धातू, आकार आणि त्यावर काही कोरलेले असेल तर तेही.

गोदाकाठ (नाशिक)

मी वकिली करतो आणि ग्राहक आयोगापुढील प्रकरणे पाहतो. धावपट्टी यांनी शोध आणि भरपाई वेगळी काढली ते फार योग्य केले, कारण भरपाईच्या बाबतीत कायदा प्रवाशाला एकाच कंपनीच्या दाराशी बांधून ठेवत नाही.

आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. तो २००३ मध्ये अमलात आला, भारत त्यात २००९ मध्ये सहभागी झाला, आणि आपल्या १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्याला तिसरी अनुसूची म्हणून तो जोडलेला आहे. म्हणजे हा केवळ परदेशातला कागद नसून भारताचा कायदा आहे. आयर्लंडही या कराराचा पक्ष आहे. या कराराचे पाचवे प्रकरण जणू कोडशेअरसाठीच लिहिलेले आहे. ज्या कंपनीने आपल्या नावाने प्रवाशाशी करार केला ती करार करणारी वाहक, आणि तिच्या संमतीने जिने प्रत्यक्ष विमान चालवले ती प्रत्यक्ष वाहक. कलम ४० प्रमाणे करार करणारी कंपनी संपूर्ण प्रवासाला जबाबदार असते आणि प्रत्यक्ष वाहक आपण चालवलेल्या टप्प्यापुरती जबाबदार असते. कलम ४२ म्हणते की दोघांपैकी एकीकडे केलेली तक्रार दुसरीकडे केल्यासारखीच धरली जाईल. आणि कलम ४५ प्रमाणे दावा एकीवर लावायचा, दुसरीवर लावायचा की दोघींवर, हे ठरवण्याचा अधिकार प्रवाशाचा आहे. त्यांनी आपसात हिशेब कसा मिटवायचा हा त्यांचा प्रश्न आहे. तो सुटेपर्यंत तुम्ही थांबण्याचे काहीही कारण नाही.

वेळूवन, याचा तुमच्या बाबतीत अर्थ असा की विकणाऱ्या कंपनीचे ‘शेवटचे विमान आमचे नव्हते’ हे म्हणणे कायद्यापुढे टिकत नाही. ती दोन्ही टप्प्यांना बांधील आहे. मात्र माझा आग्रह असा राहील की पत्र दोघींनाही एकाच दिवशी, एकाच मजकुराचे आणि दोघींची नावे वर घालून पाठवा, म्हणजे ‘हे आमच्यापर्यंत आलेच नाही’ असे म्हणण्याची सोय कोणालाच राहणार नाही.

आता मुदती, कारण चांगले दावे बहुतेक येथेच बुडतात. बॅग मिळाली पण मोडलेली असेल तर ती मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. बॅग उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत. ठरलेल्या दिवसानंतर २१ दिवस उलटूनही बॅग आली नाही, किंवा कंपनीने त्याआधीच ती हरवल्याचे मान्य केले, तर ती हरवली असे धरून भरपाई मागता येते. न्यायालयात किंवा आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे. विमानतळावर नोंदवलेला पीआयआर हा शोधासाठीचा अहवाल आहे. तोच भरपाईची लेखी तक्रार म्हणून चालून जाईल यावर विसंबू नका, वेगळे पत्र द्याच.

भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआर झाली आहे. त्याआधी ती १,२८८ होती. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे आणि त्याची किंमत रोज बदलते. ही रक्कम ढोबळमानाने दोन हजार डॉलरच्या आसपास जाते. काही कंपन्यांचे कर्मचारी अजूनही जुना आकडा सांगतात, तेव्हा तारखेनिशी नवा आकडा पत्रात लिहा. यापेक्षा मौल्यवान सामान असेल तर ते देतानाच त्याची विशेष नोंद करून जास्तीचे शुल्क भरावे लागते, अन्यथा सहसा मर्यादा ओलांडता येत नाही.

ऱ्हाइनतीर (कोलोन, जर्मनी)

गोदाकाठ यांनी सांगितलेल्यात युरोपीय बाजूची भर घालतो. युरोपीय संघाच्या विमानकंपन्यांना ८८९/२००२ हा नियम लागू आहे आणि त्यानुसार त्यांना प्रवाशांसाठी जबाबदारीची एक सूचना प्रसिद्ध करावी लागते. त्या सूचनेत दोन वाक्ये तुमच्यासाठी महत्त्वाची आहेत. पहिले असे की प्रत्यक्ष विमान चालवणारी कंपनी आणि करार करणारी कंपनी वेगळ्या असतील तर प्रवासी दोघांपैकी कोणाकडेही तक्रार करू शकतो. दुसरे असे की तिकिटावर ज्या कंपनीचे नाव किंवा संकेताक्षरे आहेत, तीच करार करणारी कंपनी. ही सूचना कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असते. मी सहकाऱ्याला अशा एका प्रकरणात मदत करताना त्यांचेच ते पान जोडून पाठवले, आणि त्यानंतर आलेल्या उत्तरात ‘दुसरीकडे जा’ हे वाक्य नव्हते.

युरोपीय न्यायालयाचे तीन निकालही माहीत असावेत. २०१० मध्ये न्यायालयाने सांगितले की ही मर्यादा वस्तूंची किंमत आणि मनस्ताप या दोहोंची मिळून एकत्र आहे, म्हणजे मनस्तापासाठी मर्यादेच्या वर वेगळे काही मिळत नाही. २०१२ मध्ये सांगितले की दोघांचे सामान एका बॅगेत असेल आणि ती बॅग एकाच्या नावावर असेल, तरी दुसरा प्रवासीही आपल्या वस्तूंसाठी स्वतंत्र दावा करू शकतो. आपल्याकडे नवरा-बायकोच्या वस्तू एकाच बॅगेत भरण्याची पद्धत सार्वत्रिक आहे, त्यामुळे हा निकाल आपल्या माणसांच्या फार कामाचा आहे. वडिलांच्या काही वस्तू त्या बॅगेत असतील तर त्यांची यादी वेगळी करा आणि त्या वस्तू तिथेच होत्या याचा जमेल तेवढा पुरावा जोडा. २०२० मध्ये सांगितले की मर्यादेची रक्कम ही आपोआप मिळणारी ठरीव रक्कम नव्हे, तो वरचा आकडा आहे, आणि नुकसान किती झाले हे प्रवाशाने दाखवायचे असते. तेव्हा आकडा मोठा ऐकून यादी फुगवू नका. खरी यादी, खऱ्या किमती आणि असतील तेवढ्या पावत्या हेच उपयोगी पडते.

वेळूवन (पुणे)

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, मनापासून आभार. दोन्ही कंपन्यांना एकत्र पत्र आजच पाठवले आणि शेवटच्या स्कॅनविषयी लेखी विचारणा केली. वस्तूंची यादीही नव्याने दिली. पहिल्या यादीत बहिणीने खरोखरच ‘कपडे आणि खाऊ’ एवढेच लिहिले होते. आईला विचारल्यावर तिने एका दमात सांगितले : पितळी पुरणयंत्र, त्याच्या मुठीला लाल दोरा बांधलेला, हिरव्या काठांची जांभळी नऊवारी, आणि झाकणावर आजीचे नाव कोरलेला स्टीलचा डबा, ज्यात भाजणी आहे. बहिणीने हे सगळे इंग्रजीत लिहून, पुरणयंत्राचे चित्र काढून फाइलला जोडायला सांगितले आहे.

एक प्रश्न उरतो. आईसाठी गरम कोट, स्वेटर आणि बूट विकत घ्यावे लागणार आहेत. हा खर्च मिळतो का, आणि किती करावा?

धावपट्टी (मुंबई)

चित्र जोडलेत हे उत्तम झाले. यादी वाचणाऱ्या माणसाने पुरणयंत्र आयुष्यात पाहिलेले नसण्याचीच शक्यता जास्त आहे.

खर्चाबद्दल अनुभव सांगतो. हवामान आणि प्रवासाचे कारण पाहता ज्या वस्तूंवाचून चालणार नाही, त्या घ्याव्यात आणि प्रत्येक वस्तूची छापील पावती ठेवावी. थंडीत कोट घेणे कोणीही अवाजवी म्हणणार नाही. काही कंपन्या रोजचा ठराविक आकडा सांगतात. तो त्यांचा अंतर्गत नियम असतो, कायद्याची मर्यादा गोदाकाठ यांनी सांगितली तीच. काही कंपन्या प्रसाधनाच्या वस्तूंचे पूर्ण पैसे देतात आणि कपड्यांचे निम्मेच, कारण कपडे पुढेही तुमच्याकडे राहतात असे त्यांचे म्हणणे असते. तेव्हा पत्रात प्रत्येक वस्तू का लागली हे एका ओळीत लिहा. प्रवास विमा असेल तर विमा कंपनीलाही आत्ताच कळवा, ते पीआयआरची प्रत मागतील.

शिकागोकर (अमेरिका)

येथून भारतात ये-जा करणाऱ्यांसाठी थोडे वेगळे सांगावे लागेल. अमेरिकेत उतरताना पट्टीवर अंतिम गावाचे नाव असले तरी बहुतेक वेळा पहिल्याच विमानतळावर बॅग पट्ट्यावरून घेऊन, सीमाशुल्क ओलांडून पुन्हा सोपवावी लागते. पहिल्यांदा येणाऱ्या आईवडिलांना हे माहीत नसते; बॅग थेट पोहोचेल असे मुंबईला सांगितलेले असते आणि ती न्यूअर्कच्या किंवा शिकागोच्या पट्ट्यावर फिरत राहते. त्यांना निघण्यापूर्वी कागदावर लिहून द्या. पहिल्या विमानतळावर बॅग दिसली नाही तर तेथे सांगावेच, पण अहवाल बहुधा अंतिम विमानतळावर, शेवटचे विमान चालवणाऱ्या कंपनीकडे नोंदवायला सांगतात, आणि तो नोंदवल्याशिवाय घरी जाऊ नये.

बॅगेसाठी वेगळे शुल्क भरले असेल तर २०२४ च्या अमेरिकी नियमाप्रमाणे ते परत मिळते : देशांतर्गत प्रवासात बॅग १२ तासांत पोहोचली नाही तर, आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात उड्डाण १२ तासांपर्यंतचे असेल तर १५ तासांनंतर, त्याहून लांबचे असेल तर ३० तासांनंतर. यासाठीही अहवाल नोंदवलेला असावा लागतो. ही शुल्काची परतफेड आहे. माँट्रियल कराराची भरपाई तिच्याहून वेगळी.

माझे वैयक्तिक मत असे की आईवडिलांना कोडशेअरवर पाठवूच नये. दोन्ही टप्पे एकाच कंपनीच्या विमानाने असतील तेच तिकीट घ्यावे, थोडे महाग पडले तरी चालेल.

ऱ्हाइनतीर (कोलोन, जर्मनी)

शिकागोकर, आपली काळजी समजते, पण या मताशी मी सहमत नाही. बॅगा एकाच कंपनीच्या दोन विमानांमध्येही मागे राहतात. २०२२ च्या उन्हाळ्यात लंडनच्या हीथ्रो विमानतळावर इतके सामान साठले होते की डेल्टा या अमेरिकी कंपनीने प्रवासी न घेता केवळ सुमारे हजार बॅगा भरून एक विमान डेट्रॉइटला नेले होते. खरा धोका कोडशेअरचा नसून स्वस्त पडतात म्हणून जोडलेल्या दोन स्वतंत्र तिकिटांचा आहे. कोडशेअरमध्ये निदान एक करार असतो आणि एक कंपनी संपूर्ण प्रवासाला बांधील असते. दोन वेगळ्या तिकिटांमध्ये पहिल्या कंपनीचे काम मधल्या विमानतळावर संपते, दुसरीने बॅग कधी पाहिलेलीच नसते, आणि प्रवाशाच्या बाजूने बोलणारे कायद्यात फार थोडे उरते. काही संकेतस्थळे अशी दोन तिकिटे एकाच पानावर, एकाच किमतीत दाखवतात, त्यामुळे घेणाऱ्याला ती एकच वाटतात. आरक्षण आल्यावर तिकीट क्रमांक एक आहे की दोन, एवढे तरी प्रत्येकाने तपासावे.

अबोली (फोंडा, गोवा)

या धाग्यातली माहिती फार मोलाची आहे. गोव्याच्या प्रवाशांसाठी एक सूचना : २०२३ पासून आमच्याकडे दोन विमानतळ चालू आहेत, दाबोळीची अक्षरे जीओआय आणि मोपाची जीओएक्स. बॅग देताना पट्टीवरील तीन अक्षरे स्वतः वाचून घ्यावीत, कारण एका विमानतळाऐवजी दुसऱ्यावर गेलेली बॅग ‘गोव्यात पोहोचली’ अशी दिसते आणि प्रवासी मात्र रिकाम्या पट्ट्याशी उभा राहतो.

आमच्या शेजारच्या आजींच्या बाबतीत वेगळेच घडले. त्यांनी चाकाची खुर्ची मागितली होती. खुर्ची ढकलणारा मुलगा चांगला होता, पण त्याला पुढचे प्रवासी गाठायचे होते. एक बॅग आली नाही असे त्या म्हणाल्या तेव्हा ‘ती घरी येईल’ असे सांगून त्याने त्यांना थेट बाहेर आणून सोडले. अहवाल नोंदवलाच गेला नाही आणि पुढे बॅग आली नाही हे सिद्ध करण्यातच फार त्रास झाला. ज्यांचे वडीलधारे खुर्ची घेऊन एकटे प्रवास करतात, त्यांनी ‘अहवालाचा कागद हातात आल्याशिवाय खुर्ची दाराबाहेर जाऊ द्यायची नाही’ हे त्यांना आधीच बजावून ठेवावे.

एक शंका विचारते. परदेशातून मुंबईमार्गे गोव्याला येताना मुंबईला बॅग ताब्यात घेऊन सीमाशुल्कानंतर पुन्हा द्यावी लागते. ती मुंबई-गोवा टप्प्यावर हरवली तर देशांतर्गत मर्यादा लागते की आंतरराष्ट्रीय?

गोदाकाठ (नाशिक)

अबोलीताई, प्रश्न नेमका आहे आणि उत्तर तिकिटावर अवलंबून आहे. भारतातील देशांतर्गत प्रवासासाठी सामानाची मर्यादा प्रवाशामागे २०,००० रुपये आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या तुलनेत फारच कमी. परंतु माँट्रियल कराराच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे की अनेक वाहकांनी पार पाडलेला प्रवास पक्षकारांनी एकच व्यवहार म्हणून ठरवलेला असेल, तर तो अखंड प्रवास मानला जाईल, आणि त्यातील एखादा टप्पा पूर्णपणे एकाच देशात आहे एवढ्यावरून त्याचे आंतरराष्ट्रीय स्वरूप जात नाही. म्हणून फ्रँकफर्ट ते गोवा असे एक तिकीट असेल तर मुंबई-गोवा टप्प्यावर हरवलेल्या बॅगेलाही १,५१९ एसडीआरची मर्यादा लागते. काउंटरवर कोणी २०,००० चा नियम दाखवला तर तिकिटाची प्रत पुढे करावी. मुंबई-गोवा तिकीट स्वतंत्र काढलेले असेल तर मात्र हा युक्तिवाद करणे अवघड जाते.

वेळूवन (पुणे)

मंडळी, बॅग सापडली. धावपट्टी यांचा अंदाज खरा निघाला : ती विमान बदलण्याच्या विमानतळावरच होती, पट्टी मुळापासून फाटलेली. तेथील गोदामात बॅग उघडून केलेल्या नोंदीत ‘लाल दोरा बांधलेले पितळी यंत्र’ असे होते आणि त्यावरून ती आमच्या फाइलशी जुळली. काल संध्याकाळी कुरिअरने बहिणीच्या घरी पोहोचली. भाजणीच्या डब्यासकट सर्व वस्तू आत आहेत, फक्त बॅगेचे एक चाक तुटलेले आहे. आईला किती हायसे वाटले ते शब्दांत सांगता येणार नाही.

कोट, स्वेटर आणि बूट यांच्या पावत्या माझ्याकडे आल्या आहेत. विकणाऱ्या कंपनीने मात्र आज कळवले आहे की बॅग मिळाल्यामुळे प्रकरण बंद करण्यात आले आहे. आता पुढे काय करावे?

गोदाकाठ (नाशिक)

फार आनंद झाला. आता प्रकरण बंद झाले असे मुळीच समजू नका. बंद झाला तो शोध. उशिरामुळे झालेला खर्च हा कलम १९ खालचा स्वतंत्र दावा आहे, आणि उशीर टाळण्यासाठी आवश्यक ते सर्व उपाय केले होते हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर आहे. कालपासून २१ दिवस मोजा. तुटलेल्या चाकासाठी मात्र ७ दिवसच आहेत, म्हणून दोन्ही गोष्टी एकाच पत्रात घालून ते याच आठवड्यात दोन्ही कंपन्यांना पाठवा. पत्रात तिकीट क्रमांक, दोन्ही कंपन्यांचे उड्डाण क्रमांक, पट्टी क्रमांक, पीआयआरचा संदर्भ, बॅग मिळाल्याची तारीख आणि वेळ, चाकाचे फोटो व पावत्या असू द्या. मूळ पावत्या देऊ नका, प्रती द्या. मजकुरात कलम १९ व १७ आणि कलम ४० व ४२ यांचा उल्लेख करा. ‘ही रक्कम पूर्ण व अंतिम’ अशा कागदावर सही मागितली तर रक्कम मान्य असल्याशिवाय करू नका. भारतीय कंपनी असेल तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा या पोर्टलवरही समांतर नोंद करता येते.

दावा नाकारला तर कोठे जायचे हेही आताच सांगून ठेवतो. करारानुसार सामानाचा दावा कंपनीचे अधिवास किंवा मुख्य कार्यालय जेथे आहे तेथे, ज्या कार्यालयामार्फत तिकीट झाले तेथे, किंवा गंतव्यस्थानी लावता येतो. तुमच्या आईवडिलांचे तिकीट मुंबईहून मुंबईला परतीचे असेल, तर कायद्याच्या दृष्टीने गंतव्यस्थान आयर्लंड नसून मुंबई ठरते, आणि मुंबईतील जिल्हा ग्राहक आयोगापुढे जाण्याचा मार्ग मोकळा होतो. परतीचे तिकीट एकाच करारातले आहे ना, तेवढे पाहून येथे कळवा, आणि कंपन्यांचे उत्तर आले की ते कोणत्या कारणाने नाकारत आहेत तो भाग शब्दशः लिहा. त्यावरून नोटिशीचा मसुदा करून देतो.